दोराचं दुसरं टोक

“शालन, घरात असंस काय गो?”

आपांचा आवाज मी समुद्राच्या गाजेतही ओळखला असता. ते आमच्या रापणीचे तांडेल. होडी कधी घालायची, जाळं कुठे टाकायचं, दोर कधी ओढायचा, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. नात्याने माझे चुलत सासरे. पण भर दुपारी सुनेच्या दारात येऊन उभं राहण्याची त्यांची रीत नव्हती. मी घरापुढच्या खळ्यात बांगडे वाळत घालत होते, तशीच हात पुसत उठले.

“या आपानू. पाणी देतंय.”

“पाणी नको. अनंत खंय असा?”

“मागल्या दारी जाळा शिवतत. हाक मारू?”

“नको. तुझ्याकडेच काम असा,” म्हणत ते पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढली, तिच्यातली वाळू झटकली, परत घातली. बोलायला त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. मी समोर उभी राहिले.

रापण म्हणजे काय, हे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना सांगावं लागेल. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आणून देतात. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि ओढत ओढत ते सगळं जाळं वाळूवर घेतात. आमच्या वाडीत नियम एकच होता. ज्याचा हात दोराला, त्याचा वाटा मासळीत. हात बाप्याचा की बाईचा, म्हाताऱ्याचा की तरण्याचा, हे कुणी विचारत नसे. माझ्या नवऱ्याची, अनंतची, कंबर होडीखाली सापडली तेव्हापासून आमच्या घरचे हात म्हणजे माझे. नवरा, दोन पोरं आणि मी, सगळे त्या एका वाट्यावर जगत होतो. घरी शिजायचं ते त्यातलंच आणि बाजारात टोपली घेऊन मी बसायची ती त्यातलीच.

पुढे पुढे दोराला हात कमी पडायला लागले. तरणे पोरगे गोव्याला गेले, कोण ट्रॉलरवर, कोण हॉटेलात. दोरावर उरल्या बायका आणि दमेकरी म्हातारे. मग आपांचा पुतण्या गुरुदास गोव्याहून परत आला. तिथे तो गाड्या चालवायचा. त्याने तिथल्या किनाऱ्यावर गाडीने दोर ओढताना पाहिलं होतं. आल्या आल्या त्याने रापणकरांच्या कानाशी भुणभुण लावली, की आपणही डिझेलची पिकअप घेऊ. दोर ओढेल, होडी वाळूवर चढवेल, मासळी घेऊन बाजारातही जाईल. वाईट काही सांगत नव्हता तो. पोरगा मेहनती होता, नुसता बोलघेवडा नव्हता.

देवळात बैठक बसली. दोर ओढायला आम्ही बायका चालत होतो, बैठकीत बसायला चालत नव्हतो. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो आणि आतून येईल तेवढं ऐकलं. पिकअप घ्यायची हे ठरलं. कुठली घ्यायची, त्यावर मात्र दोन तट पडले आणि त्या दिवशी बैठक मोडली. त्यानंतर आत काय शिजलं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपा तेच सांगायला आले होते.

“कुडाळचो सावळ माहीत असा मा? गाडयांचो एजंट,” आपा म्हणाले. “तेच्याकडे दोन गाडये असत. दोनय डिझेलचे. एक ल्हान, सोड्याचे बाटले फिरवणारी. दुसरी मोठी, चिरेखाणीवरची. ती चिऱ्यांची ट्रॉली ओढी.”

“मगे?”

“ल्हान गाडी एकच दोर ओढतली. दुसऱ्या दोराक माणसा लागतली. म्हणजे तुमी.”

“आणि मोठी?”

“मोठी दोनय ओढतली. गुरुदासान कप्पी बसवूचा ठरवल्यान हा. दोनय दोर कप्पीवरसून फिरवन एकाच हुकाक.”

मी बांगड्यांकडे बघत राहिले. माश्या बसत होत्या, पण हात हलेना.

“आणि आमी?”

आपांनी टोपी परत काढली.

“लोकांका ल्हान पुरता,” ते म्हणाले. “रापणीच्या फंडात बसता ती. पण गुरुदास सांगता, वाळयेर ती चालाची नाय, रुततली. मगे ठरला, की वाळयेरच बघूया. परवा सुकतीक दोनय गाडये किनाऱ्यार येतले. दोराच्या एका टोकाक गाडी, दुसऱ्या टोकाक तुमी बायलमाणसा. ल्हान गाडयेन तुमका ओढल्यान, तर ल्हानच घेवची. तुमी तिका अडवलात, तर मोठी.”

“ह्या कोणी काढला?”

“गुरुदासान. म्हणालो, बायलमाणसांच्यान अडता ती गाडी रापणीक कित्याक व्हयी? सगळे हसले. माका काय बोलाक सुचाक नाय.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “म्हणान तुका सांगूक इलंय. ल्हान गाडी लागली काय दोर ढिलो सोडा. जोर लावल्यासारख्या करा, पण लावू नको. ती तुमका ओढीत नेवंदे. इतक्याच करा, मगे तुमच्या दोराक कोण हात लावाचो नाय.”

“तुमीच सांगा ना सगळ्यांका.”

“मी तांडेल, बाय. माका एका बाजून बोलाक येणा नाय.”

ते उठले, दोन पावलं गेले आणि परत वळले. “माज्या तोंडातसून गेला, ह्या खंय बोलू नको,” म्हणाले आणि माडांमधून खाली उतरले. भला माणूस होता. मी हे आजही म्हणते, आणि ते का म्हणते हे पुढे कळेल.

दोराला सगळ्यात पुढे शेवंता काकी असायची. तिच्यापुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती. खांदे बाप्यासारखे, टाचा भेगाळून दगड झालेल्या, आणि तोंड असं की मासे घ्यायला आलेले व्यापारीही तिच्याशी भाव करताना दोनदा विचार करत. माझं लग्न होऊन मी या वाडीत आले तेव्हा दोर धरायचा कसा, हे मला तिने शिकवलं. मनगटाने ओढायचं नाही, टाचेने ओढायचं. त्यामुळे मी आधी तिच्याकडे गेले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मिश्री लावलेलं बोट तोंडातच राहिलं.

“म्हणजे हरलो तर वाटो रवतलो आणि जितलो तर जातलो,” ती म्हणाली.

“होय.”

“काय एकेक डोकी असत गो ह्या मेल्यांची.” आणि ती एवढी हसली की तिला ठसका लागला. “बरा. हरूया तर हरूया. आमचा काय जाता? घराकडे घोवाकडे हरतोवच.”

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी सुचवलं हे तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नुसता धुमाकूळ. कोण कशी घसरणार, कोण आधी ‘आई गो’ करणार, याच्या तालमी चालल्या. पाणी भरायचं सोडून बायका एकमेकींना ओढून पाडत होत्या. मलाही हसू येत होतं. एवढं सोपं काम आम्हाला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. नुसतं हरायचं होतं.

शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. सुकती लागली होती, पाणी मागे हटलं होतं, ओली वाळू कडक झाली होती. दोन्ही गाड्या उतारावरून खाली आणल्या. लहान पांढरी, तिच्या दारावर सोड्याचं चित्र अजून अर्धं शिल्लक होतं. मोठी राखाडी, समोर लोखंडी गार्ड लावलेली, चिऱ्याच्या तांबड्या धुळीने अंगभर माखलेली. सावळ एजंट पांढऱ्या शर्टात इकडून तिकडे नाचत होता.

पुरुषमंडळींनी आधी बॉनेटं उघडली. बॉनेट उघडलं की गाडीतलं कळणारे आणि न कळणारे सारखेच गंभीर होतात. ज्यांना सायकलची चेन बसवता येत नाही तेही वाकून ‘हूं’ म्हणत होते. कुणी टायरला लाथ मारून बघितलं. आपा तेवढे खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही गाड्यांच्या बुडाखाली हात फिरवून गंज कुठे धरलाय ते पाहिलं. समुद्राकाठी गाडी मरते ती खालून, हे त्यांना माहीत होतं. लहान गाडीपाशी ते जास्त वेळ रेंगाळले. “हिचा बूड निरोगी असा,” ते मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच म्हणाले.

मग लहान गाडीच्या हौद्यात वाळूच्या गोणी भरल्या, कारण रिकामी गाडी वाळूत नुसती चाकं फिरवते. मागच्या हुकाला रापणीचा दोर बांधला. मधे वाळूवर काठीने रेघ ओढली. गाडीने आम्हाला रेघेपलीकडे नेलं की गाडी जिंकली, आणि गाडीच मागे रेघेवर आली की आम्ही. आपा रेघेपाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

आम्ही दोर उचलला. काकी पुढे, तिच्यामागे मी, माझ्यामागे सगळ्या. लुगड्याचे काचे घट्ट बांधले. काकीने मान वळवून माझ्याकडे बघून डोळा घातला.

गुरुदास गाडीत बसला, इंजिन चालू झालं. दोर वाळूवरून उचलला गेला आणि आम्ही ठरल्याप्रमाणे कामाला लागलो. एवढ्या ओरडलो की कुणालाही वाटावं जिवाचं रान करतोय. पाय मात्र सैल ठेवले. गाडी निघाली, आम्ही तिच्यामागून फरफटत निघालो. आमच्यातली सुगंधा फार लवकर पडली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रेघ जवळ येत होती. मी आपांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण खांदे सैल झालेले मला दिसले.

पुरुष हसायला लागले. हसणारच. आम्ही दिसतच होतो तशा, एकीवर एक कोसळणाऱ्या. कुणीतरी शिट्टी मारली. सावळ म्हणाला, “ह्यांका ओढूक गाडी कित्याक रे? एक पाडो पुरे.”

तेही आम्ही गिळलं असतं. पण गुरुदासने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो चेष्टेने बोलला नाही, मायेनेच बोलला, आणि तेच वाईट झालं.

“काकी, सोडा तो दोर,” तो म्हणाला. “हात सोलवटतीत. आता ह्या काम तुमचा नाय.”

माझ्या डोळ्यांसमोर काकीची टाच होती. ती टाच वाळूत गेली. आधी अर्धी, मग घोट्यापर्यंत.

“काकी, नाय,” मी मागून म्हटलं. “काकी, आयक माझा. सोड.”

तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या पाठीचा कणा ताठ झाला, मान खाली गेली आणि दोर माझ्या हातात एकदम लोखंडासारखा कडक झाला. मागच्या बायकांना काय घडतंय ते दिसत नव्हतं, पण दोर कळत होता. दोर ताणला गेला की आमच्या पायांना कुणी सांगावं लागत नसे. गाडी थांबली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि मागे वाळू उडू लागली. तरीही वेळ गेली नव्हती. नुसतं धरून ठेवलं असतं आणि मग दम लागला म्हणून सोडलं असतं, तरी निभावलं असतं.

आणि आपांचं तोंड उघडलं.

“होऽऽ हैस्सा!”

सगळा जन्म त्या माणसाने तेच केलं होतं. दोर ताणलेला दिसला की हाळी द्यायची. ते ठरवून ओरडले नाहीत. ओरडल्यावर त्यांचा चेहरा मी पाहिला. हात तोंडाशी गेला होता, पण शब्द निसटून गेला होता. त्या हाळीवर आमच्या वाडीतली मेलेली माणसंही उठून दोराला लागली असती. वीसेक बायकांच्या टाचा एकदम वाळूत बसल्या. “हैस्सा!” त्यांच्या गळ्यातून आलं. आपांनी दुसरी हाळी दिली नाही, पण आता ती लागतच नव्हती. काकीच देत होती.

मी दोर सोडला. ठरलं होतं ते करणारी मी एकटी. रांगेतून बाहेर पडले आणि त्यांच्या बाजूने पळत ओरडत सुटले, “सोडा गो, सोडा, काय करतास?” कुणी माझ्याकडे बघेना. मी एकेकीचा दंड धरून ओढलं, सुगंधाने मला कोपराने ढकललं. गुरुदासने गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, धूर झाला. चाकांनी स्वतःसाठीच खड्डे खणले आणि गाडी बुडावर बसली. मग ती मागे यायला लागली. वीत, हात, अजून हात. सोड्याचं चित्र असलेली ती गाडी आमच्या बायकांनी मागे ओढत रेघेवर आणून ठेवली.

किनारा दणाणला. हसणारे पुरुषच आता टाळ्या वाजवत होते. बायका नाचत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. काकीच्या तळहातांतून रक्त येत होतं आणि ती ते हात उंच धरून सगळ्यांना दाखवत होती. तिचं तोंड मी तसं उजळलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझेही हात टाळीला उचलले गेले. पण मी रांगेच्या बाहेर उभी होते.

मी तिच्याजवळ गेले. “काकी, काय ठरलेला आपला?”

“ठरलेला जळांदे.” ती धापा टाकत होती. “तू खंय गेललंस?”

“तूच माका म्हटलंस ना, हरूया म्हणान?”

“दोर हातात घेवन कोण सोडता?” ती माझ्याकडे बघत होती ती नजर मला परकी होती. “ताणलेलो दोर सोडलंस तू. मागच्यांका कायव झाला असता. खयच्या घरची गो तू?”

बाकीच्या ऐकत होत्या. कुणाला तरी आठवलं असेल, काय ठरलं होतं ते. पण तसं दाखवलं कुणीच नाही.

सावळने मोठी गाडी पुढे आणली. आता त्याची गरज नव्हती. लहान अडली म्हणजे मोठी घ्यायची, हे ठरलेलंच होतं. आपा म्हणालेही, “होवंदे आता. बस झाला.” पण काकीने पदराने हात पुसले आणि दोराचं टोक परत उचललं.

“बांधा हिकाय,” ती म्हणाली. “हीपण बघूया.”

मी माझ्या जागेवर जायला निघाले. खरं सांगते, आता काही वाचवायचं उरलंच नव्हतं, निदान त्यांच्यात तरी उभं राहावं, एवढंच मनात होतं. काकीने मागे न बघता हात आडवा केला.

“सोडणारीचो हात नको.”

गुरुदास मोठ्या गाडीत बसला. मी बाजूला उभी राहून बघितलं. राखाडी गाडी चारही चाकांनी ओढणारी होती, तिने आवाजसुद्धा वाढवला नाही. ती नुसती चालत गेली. बायकांच्या टाचांनी वाळूत लांबच लांब नांगरट केली. रेघ गेली, तरी त्यांनी दोर सोडला नाही. पहिल्यांदा गुडघ्यांवर आल्या, मग पोटावर. गुरुदासने आरशात पाहून ब्रेक मारला तेव्हा काकी तोंडावर पडलेली होती, आणि दोर तेव्हाही तिच्या मुठीत होता. मग पुरुष गाडीकडे धावले. “ही खरी,” कुणीतरी म्हणालं. नारळ फुटला तेव्हा आमच्या बायका अंगाची वाळू झाडत होत्या.

फंडात कमी पडलं ते गुरुदासने गोव्याच्या कमाईतून घातलं, आणि गाडी वाडीत आली. कप्पी बसली. पहिल्या दिवशी सवयीने आम्ही सगळ्या किनाऱ्यावर गेलो. दोन्ही दोर आमच्या समोरून सरसरत गेले. दोराला लावायला हात तयार होते आणि दोराला हातच नको होते. जाळं वाळूवर आलं, मासळी चांगली होती. वाटे पडले ते गाडीचे, होडीचे, जाळ्याचे आणि चार बाप्यांचे. गुरुदास आमच्याकडे आला आणि त्याने स्वतःच्या वाट्यातले मूठमूठ मासे प्रत्येकीच्या टोपलीत घातले. शेवंता काकीने टोपली पुढे केली. ज्या बाईने व्यापाऱ्यांना घाम फोडला होता ती दिलेले मासे घेऊन मान खाली घालून घरी गेली. पुढे त्याला तेही परवडेना. परवडणार कसं?

आपा हळूहळू किनाऱ्यावर यायचे बंद झाले. गाडीला हाळी लागत नाही, हॉर्न पुरतो. पुढच्या पावसात ते आजारी पडले तेव्हा मी त्यांना बघायला गेले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

“दोर ताणलो काय तोंड उघडता गो,” ते म्हणाले. “माका कळलाच नाय.”

“माहीत असा माका, आपानू.”

“तू मातर बरोबर सोडलंस.”

हे मला सांगणारा तो एकच माणूस, आणि तो श्रावण लागायच्या आत गेला.

आम्ही बायका पोटापाण्याला लागलो. किनाऱ्याच्या मागे हॉटेलं झाली. तिथल्या चादरी धुवायच्या, लाद्या पुसायच्या, पाहुण्यांची सुरमई तळायची. आमच्याच समुद्रातली सुरमई, पण वाटा नाही, पगार. मीही तेच करते. दुपारी बायका चादरी वाळत घालताना ती गोष्ट अजून निघते. नवीन आलेल्या पोरींना सांगतात, की आम्ही या हातांनी डिझेलची गाडी अडवली होती. नुसती अडवली नाही, मागे ओढली. पोरींना खरं वाटत नाही. मग शपथा होतात. आणि शेवटी कुणीतरी माझ्याकडे बोट करून हळूच म्हणतं, ही त्या वेळी दोर सोडून गेली होती. पहिल्या पहिल्यांदा मी भांडायचे. काय ठरलं होतं, कशासाठी ठरलं होतं, सगळं मांडायचे. त्या ऐकायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. मला अजून राग येतो. त्यांचा येतो, गुरुदासचा येतो, आपांचासुद्धा येतो, आणि जास्त राग याचा येतो की त्यांची गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा चांगली आहे.

गेल्या वर्षी काकी अंथरुणाला खिळली. तिचा मुलगा मुंबईला, सून हॉटेलात. दुपारची पेज मी नेऊन द्यायचे. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण खांद्यांची हाडं तेवढीच रुंद होती. एक दिवस मी तिला उठवून बसवली, वाटी हातात दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी इतक्या वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

“शालन,” ती म्हणाली, “आमी किती जणी होतो गो दुसऱ्या गाडयेक?”

“माका काय माहीत? मी नव्हतंय.”

“ताच म्हणतंय मी. एक हात कमी पडलो.” तिने वाटी मांडीवर ठेवली. “माझ्या मागसून तू असतंस ना, तर ती मोठीय अडवली असती आमी. वाटो रवलो असतो सगळ्यांचो.”

मला सांगता आलं असतं. ती गाडी चारही चाकांनी ओढत होती, माझ्यासारख्या दहा असत्या तरी तिला कळलं नसतं. मोठी अडवली असती तरी वाटा राहिला नसता, तो पहिल्याच गाडीला गेला होता, आणि तो तिच्याच टाचेखाली गेला होता. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. इतकी वर्षं होतं.

“होय काकी,” मी म्हटलं. “माझाच चुकला.”

“चुकलाच,” ती म्हणाली, आणि वाटी उचलून शांतपणे पेज पिऊ लागली.